स्टेरॉइडवर असलेल्या कुत्रीची कातडी: साइड इफेक्ट की नवीन दुखणं?

खारीबिस्कीट

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय. आमची बुंदी, लॅब्रॅडोर (लॅब), पाच वर्षांची. गणपतीच्या सुमारास टिक फिवर झाला, बबेसिया (गोचिडीतून येणारा रक्तातला परजीवी) निघाला, त्याची औषधं झाली आणि आता सुटलो म्हणतोय तोवर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी गडद, चार पायऱ्या चढली की धापा. तिचीच प्रतिकारशक्ती तिच्या तांबड्या पेशी फोडतेय असं निदान झालं (आयएमएचए). रक्त चढवलं, प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) मोठ्या डोसात सुरू केलं, मग जोडीला अझाथायोप्रिन, तेही प्रतिकारशक्ती दाबणारं. आता रक्त बऱ्यापैकी वर आलंय, प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवताहेत, तिथवर सगळं छान.

पण कातडीचं जे काही झालंय ते बघवत नाही. सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस भादरले होते ते अजून उगवलेच नाहीत. पोटाची कातडी एवढी पातळ झालीय की शिरा दिसतात आणि त्यावर बारीक काळे ठिपके. पाठीवर पुळ्या येतात, फुटतात, खपली पडली की गोल चट्टा राहतो आणि त्याच्या कडेला कोंड्याची रिंग. मानेवर मागच्या बाजूला पट्ट्याखाली एक कडक चकती आलीय, बोट फिरवलं की कचकच लागते.

एक डॉक्टर म्हणाले औषधाचा परिणाम आहे, डोस उतरला की जाईल. दुसरे म्हणाले ॲलर्जी आहे, महिन्याला एक इंजेक्शन घ्या (कसलं ते काही नीट सांगितलं नाही). सोसायटीच्या ग्रुपवर तर खरूज म्हणून जाहीरच झालंय.

विचारायचंय हे की यातलं औषधामुळे काय आणि वेगळं काय हे ओळखायचं कसं? आणि ज्यांची कुत्री यातून गेली त्यांची कातडी परत धड झाली का?

वांगीबटाटा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या शेरूची कथा रात्री टंकतो, लांब आहे. तोवर एवढंच, घाबरू नका.

निसर्गोपासक

आधी त्या स्टेरॉइडच्या गोळ्या बंद करा. सगळ्या रोगाचं मूळ तेच आहे. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ, हळद आणि खोबरेल तेल अंगाला, पंधरा दिवसांत फरक दिसेल. आमच्या गावाकडच्या कुत्र्यांनी कधी गोळी बघितली नाही.

कडवेवाल

गावाकडच्या कुत्र्यांना आयएमएचए झाला तर ती मरतात, म्हणून गोळी बघत नाहीत.

खारीबिस्कीट, प्लीज प्लीज गोळी अचानक बंद करू नका. कुणीही सांगितलं तरी.

गुरांचा_डॉक्टर

वरच्याला जोरदार अनुमोदन, आणि कारणही सांगतो. बाहेरून भरपूर स्टेरॉइड मिळत असलं की मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल करणं जवळजवळ बंद करतात. गोळी एका दिवसात तोडली तर अंगात काहीच उरत नाही, कुत्रं उलट्या करतं, गळून पडतं, जीवही जाऊ शकतो. शिवाय बुंदीचा मूळ आजार उलटला तर परत रक्त चढवण्यापासून सुरुवात. म्हणून टप्प्याटप्प्याने उतरवतात, साधारण दोन ते चार आठवड्यांनी एक चतुर्थांश, तेही दर वेळी रक्त तपासून.

आता मूळ प्रश्न. मी अर्धा दिवस गुरांचा आणि अर्धा दिवस कुत्र्यामांजरांचा डॉक्टर, बुंदीला मी तपासलेलं नाही तेव्हा हे निदान समजू नका. पण वर्णन इतकं नेमकं आहे की तीन वेगळ्या गोष्टी दिसताहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

भादरलेले केस न येणं, पातळ पोट, काळे ठिपके, हे थेट स्टेरॉइडचं. प्रतिकारशक्ती दाबायला किलोमागे रोज २ मिग्रॅपर्यंत प्रेडनिसोलोन देतात, नुसत्या खाजेला त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी पुरतं. मोठा डोस बरेच दिवस गेला की कातडीतलं कोलॅजन घटतं, केसांची मुळं काम थांबवतात, छिद्रांत तेल आणि मळ साचून ते ठिपके होतात. पोट सुटलंय का, मांड्या उतरल्यात का, पाणी खूप पिते का? तेही सगळं याच खात्यातलं. गोळीने आलेला कुशिंग म्हणतात याला. डोस उतरला की हेही उतरतं, वेगळी गोळी लागत नाही.

पुळ्या आणि कडेला रिंग असलेले चट्टे हे बहुतेक औषधाने केलेलं नाही, औषधाने प्रतिकारशक्ती दबली म्हणून दुसऱ्या कुणीतरी साधलेलं आहे. नेहमीचा गुन्हेगार स्टॅफिलोकोकस हा जंतू. दुसरा संशयित डेमोडेक्स. ही कीड जवळपास सगळ्याच कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी थोडीफार असते, पिल्लू दूध पीत असताना आईकडून येते आणि गप्प बसते. मोठ्या वयाच्या कुत्र्यात ती अचानक माजली की आम्ही आधी विचारतो, हे स्टेरॉइडवर आहे का. तिसरं दाद, म्हणजे बुरशी.

मानेवरची कचकचीत चकती हे कॅल्सिनोसिस क्युटिस असू शकतं. कातडीत कॅल्शियमचे क्षार साठतात. रक्तातलं कॅल्शियम बहुतेक वेळा नॉर्मलच असतं त्यामुळे रक्त तपासून कळत नाही. मान, पाठ, काखा, जांघा या त्याच्या आवडत्या जागा.

तेव्हा डॉक्टरांना एकच गोष्ट सांगा: काच घ्या. कातडी खरवडून एक स्लाइड, पुळीतल्या पुवाची एक स्लाइड. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ती होईपर्यंत महिन्याचं कुठलंही इंजेक्शन घेऊ नका.

खारीबिस्कीट

खूप खूप धन्यवाद डॉक्टर. पोट सुटलंय, मांड्या उतरल्यात आणि पाणी म्हणाल तर बादली ठेवलीय. खरवडून तपासणी अजून कुणीच केलेली नाही.

एकनंबर

पाण्याचं सोडा, भुकेचं सांगा. आमची मनी (कुत्रीच आहे, नाव मनी) स्टेरॉइडवर असताना तिने कणकेचा गोळा परातीसकट ओढून नेला. परात सोफ्याखाली सापडली. कणीक सापडली नाही.

खारीबिस्कीट

बुंदीने देवापुढचा नारळ. सोलून.

वांगीबटाटा

हहपुवा. सोलून म्हणजे शेंडीसुद्धा ठेवली नाही का?

असो. शेरूची कथा. जर्मन शेफर्ड, शेपटीखाली गुदद्वाराभोवती नासूर झाला होता, या जातीत तो आजार बराच दिसतो म्हणे. त्यावर स्टेरॉइड नाही, सायक्लोस्पोरीन दिलं, तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच. सुरुवातीला उलट्या. डॉक्टरांनी कॅप्सूल फ्रीझरमध्ये ठेवून गार दगड झाली की द्यायला सांगितली आणि उलट्या खरंच कमी झाल्या, मला आधी वाटलं चेष्टा करताहेत. नासूर उत्तम भरला. पण मग अंगावर केस वाढायला लागले! बुंदीचे उगवत नाहीत आणि आमच्याकडे उलटा प्रकार, हिरड्या फुगून दातांवर आल्या आणि ओठाच्या आत चामखिळी, अगदी फुलकोबीचे तुरे. बायकोला वाटलं कॅन्सर, दोन रात्री कुणी जेवलं नाही.

डॉक्टरांनी बघून सांगितलं की हा पॅपिलोमा व्हायरस, लहान पिल्लांना होतो तसा, प्रतिकारशक्ती दबली म्हणून मोठ्याला झाला. डोस एक दिवसाआड केल्यावर चामखिळी आपोआप गळाल्या. हिरड्या खाली यायला जास्त वेळ लागला. एक मोठी चामखीळ राहिली होती ती काढून तपासायला पाठवली, साधी निघाली. थोडक्यात औषध तसं दुष्परिणाम, कुणाचं कुणाला लावू नका.

पारसिक_बोगदा

बादवे सायक्लोस्पोरीन मोठ्या कुत्र्याला म्हणजे घराचा हप्ता. आमच्या डॉक्टरांनी जोडीला किटोकोनाझोल दिलं होतं, ते बुरशीचं औषध आहे पण त्याने यकृत सायक्लोस्पोरीन हळू मोडतं म्हणून कमी डोसात भागतं. हे ऐकून कुणी घरी जुगाड करू नये, आम्हाला लिव्हरच्या टेस्ट सतत कराव्या लागत होत्या.

निसर्गोपासक

माझं म्हणणं उडवून लावलंत, ठीक आहे. पण हे बघा, एका औषधाचा दुष्परिणाम, त्यावर दुसरं औषध, त्याचा दुष्परिणाम, त्यावर तिसरं. हे चक्र कुठे थांबतं? खाज आली की स्टेरॉइडचं इंजेक्शन देणारे डॉक्टर मी स्वतः पाहिलेत. महिन्याच्या महिन्याला. त्यांना कोण विचारणार?

गुरांचा_डॉक्टर

या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला आहे. साध्या खाजेला लांब पल्ल्याचं डेपो इंजेक्शन महिन्यामागून महिना देत राहणं हा प्रकार चालतो आणि तो बंद व्हायला पाहिजे. गोळी निदान उतरवता येते, आत गेलेलं डेपो इंजेक्शन परत काढता येत नाही. त्याने बुंदीला झालं तेच सगळं होतं, आणि तेही जिवावरच्या आजारासाठी नाही, पिसवांच्या ॲलर्जीसाठी, जी पिसवा मारून गेली असती.

पण बुंदीला स्टेरॉइड खाजेसाठी दिलेलं नाही. तिथे दुसरा पर्याय स्मशान होता. दोन्हींना एका माळेत ओवू नका.

कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर फार नुकसान नाही, फार फायदाही नाही. खोबरेल तेल मात्र नको, कुत्रं सगळं चाटून काढतं, आणि स्टेरॉइडवरच्या कुत्र्याच्या पोटात एवढी चरबी गेली की जुलाब ठरलेले, स्वादुपिंडही सुजू शकतं, त्यात अझाथायोप्रिन चालू आहे. टी ट्री ऑइल कुणी सुचवलं तर त्याला हाकलून द्या, कुत्र्यांना ते विषारी आहे.

दुपारचीझोप

माझी एक भर. घरातली माणसांची मलमं! आमच्या पगच्या पोटावर लाल झालं म्हणून सासूबाई खाज-खुजली-दादवालं मलम रोज लावत होत्या, ते पंचरंगी असतं ना, बुरशीचं पण, जंतूचं पण, आणि आत जबरदस्त स्टेरॉइड. केमिस्ट कुणालाही देतो. सुरुवातीला झकास वाटलं, मग कातडी कागद झाली, खरचटलं तरी फाटायची, निळे डाग. गोळी एकही नाही, नुसत्या मलमाने. सासूबाई आजही मानत नाहीत, म्हणतात पग जातच नाजूक.

एकनंबर

सासूबाईंशी सहमत, पग श्वास घेतो तेच उपकार.

दुपारचीझोप

:राग:

हडसनकाठ

इथे न्यू जर्सीत खाजेला सरसकट ओक्लासिटिनिब देतात, २०१३ पासून बाजारात आहे. अपोक्वेल म्हटलं की सगळ्यांना कळतं. ते स्टेरॉइड नाही, तहान-भूक वाढत नाही, पोट सुटत नाही, म्हणून लोकांना वाटतं निर्धोक. पण त्याच्या लेबलवरच लिहिलंय की इन्फेक्शन आणि डेमोडेक्स वाढू शकतं आणि एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला द्यायचं नाही. आमच्या गोल्डनला बोटांच्या बेचक्यात वारंवार गळवं यायला लागली. बंद न करता डॉक्टरांनी आधी इन्फेक्शन साफ केलं, मग डोस परत बघितला. खारीबिस्कीट यांच्या केसमध्ये हे औषध उपयोगाचं नाही म्हणा, तिथे आजारच वेगळा. वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

रानवाट२२

मला पुळ्यांबद्दल बोलायचंय कारण इथे आम्ही फार भोगलंय. आमच्या इंडीला पेम्फिगस होता, म्हणजे मूळ आजारच पुळ्यांचा, प्रतिकारशक्ती स्वतःच्या कातडीवर उठते आणि नाकावर, कानांवर, पंज्यांच्या गाद्यांवर पुळ्या आणि खपल्या. स्टेरॉइडने मस्त आटोक्यात आला. मग तीन-चार महिन्यांनी परत पुळ्या. त्या वेळच्या डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं आजार उलटला, डोस दुप्पट. दुप्पट केल्यावर पुळ्या दुप्पट. परत वाढवला. शेवटी दुसऱ्या गावी नेलं तिथे स्लाइड केली तर डेमोडेक्स खच्चून भरलेले. म्हणजे जे वाढल्यामुळे होत होतं तेच आम्ही वाढवत होतो!

पुळी दिसायला सारखीच असते हो. आजाराची असेल तर डोस वर न्यायचा, किडीची असेल तर खाली आणायचा, उलट केलंत तर कुत्रं दोन्ही बाजूंनी मरतं. नुसत्या नजरेने सांगणाऱ्याकडे जाऊ नका एवढंच सांगते.

कडवेवाल

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धाग्याच्या डोक्यावर लावायला हवं.

मोगरेवाडी

डेमोडेक्सला आयव्हरमेक्टिन स्वस्त पडतं. गुरांच्या औषधाच्या दुकानात मिळतं, थेंब मोजून पाजायचं.

गुरांचा_डॉक्टर

गुरांचं औषध म्हणून मलाच बोलावं लागणार! ती बाटली तीनशे-चारशे किलोच्या जनावरासाठी असते, तीस किलोच्या कुत्रीला थेंबात चूक झाली की आंधळेपणा, झटके, बेशुद्धी. कोली आणि त्या वंशाच्या कुत्र्यांत तर अनेकांना जनुकातच दोष असतो, औषध मेंदूत शिरतं आणि मोठ्या डोसाने ती मरतात. लॅबमध्ये हा प्रश्न सहसा नसतो, पण तुमच्या क्रॉसमध्ये कोण आहे ते तुम्हाला माहीत असतं का?

आता त्याची गरजही उरलेली नाही. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सॅरोलानर या गोचीड-पिसवांच्या चघळायच्या गोळ्या डेमोडेक्सवर फार चांगल्या चालतात. बुंदीच्या बाबतीत एका दगडात दोन पक्षी, गोचीडही जातील ज्यांच्यामुळे हे सगळं रामायण झालं.

पारसिक_बोगदा

ज्यांच्या कुत्र्यांना फिट येतात त्यांनी ती गोळी विचारून द्या. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये या गटाबद्दल झटक्यांची सूचना काढली होती. आमच्या बोक्याला (हाही कुत्राच) फिट येतात म्हणून डॉक्टरांनी टाळली.

एकनंबर

इथे मनी कुत्री, बोक्या कुत्रा. या धाग्यावर कुणाचं मांजर आहे का, वाघ्या नावाचं?

पारसिक_बोगदा

अवांतर: शेजाऱ्यांचं आहे. खंडोबाचे भक्त आहेत ते.

सोसायटीसेक्रेटरी

अवांतराबद्दल क्षमस्व पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे असंच एक खपल्या पडलेलं कुत्रं लिफ्टमध्ये यायचं, लोक तक्रार माझ्याकडे करतात. लहान मुलं हात लावतात. रोग माणसाला लागत नाही याची खात्री आम्हाला कोण देणार? प्राण्यांवर प्रेम आहेच.

कडवेवाल

"प्राण्यांवर प्रेम आहेच" नंतर "पण" आला की मला धडधडतं.

लिफ्टबंदी घालता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वाचा आणि ग्रुपवर टाका.

गुरांचा_डॉक्टर

सेक्रेटरीसाहेबांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना हाणू नका. डेमोडेक्स माणसाला लागत नाही, इतर धडधाकट कुत्र्यांनाही सहसा नाही. कॅल्शियमची चकती लागण्याचा प्रश्नच नाही. खरूज, म्हणजे सारकॉप्टिस, ती मात्र माणसालाही खाजवते. दादही लागतं, मायक्रोस्पोरम जातीचं असेल तर लहान मुलांच्या हातावर गोल चट्टे येतात. म्हणून परत तेच, काच घ्या. बुरशीची शंका असेल तर केस उपटून कल्चरला पाठवा, रिपोर्टला काही आठवडे लागतात. रिपोर्ट हातात असला की सोसायटीच्या ग्रुपवर एका फोटोत काम होतं.

आणि घरच्यांसाठी: अझाथायोप्रिनची गोळी मोडायची नाही, कुटायची नाही, हातमोजे घालून द्यायची. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ती आणि बुंदीची शी-शू दोन्ही दुसऱ्याकडे सोपवावी.

वांगीबटाटा

यात एक टिप राहिली. सूज आली, लंगडली म्हणून घरातली मेलॉक्सिकॅम वगैरे वेदनाशामक स्टेरॉइडबरोबर देऊ नका. पोटात अल्सर. माझ्या मेव्हण्याच्या कुत्र्याचं रक्त पडलं होतं.

खारीबिस्कीट

मंडळी, अपडेट आहे. आमच्या डॉक्टरांना सरळ म्हटलं, सर स्लाइड करूया का. थोडे वैतागले, पण केली, आणि मग स्वतःच इतके रंगले की मलाही बघायला बोलावलं. पाठीवरच्या चट्ट्याची कातडी चिमटीत दाबली, ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेऊन रक्ताचा हलका पाझर दिसेपर्यंत खरवडली, बुंदी नुसती माझ्या खिशातल्या बिस्किटाकडे बघत होती. सूक्ष्मदर्शकात लांबोळक्या अळ्या, पुढे आखूड पायांच्या जोड्या वळवळताहेत, मागे शेपूट. अख्ख्या काचेवर थोड्याच होत्या पण जिवंत होत्या. पुळीच्या स्लाइडमध्ये गोल जंतूंचे घोस. म्हणजे दोन्ही पाहुणे हजर!

चकतीत बारीक सुई घातली तर पांढरी कचकचीत भुकटी आली. बायोप्सी आत्ता नको म्हणाले, जखम भरायला वेळ लागेल आणि चित्र स्पष्टच आहे. ॲलर्जीचं इंजेक्शन रद्द. फ्लुरालानरची गोळी दिली, क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा आंघोळ, पुळ्या त्यानेच आवरतात का बघू, नाही आवरल्या तर कल्चर करून मगच अँटिबायोटिक. रक्त बघून प्रेडनिसोलोन अजून एक टप्पा खाली. अझाथायोप्रिन तसंच, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी ठरलेल्या तारखेला.

आता चकतीचं विचारते. ती सगळ्यात भयंकर दिसते आणि गेल्या आठवड्यापासून लाल होऊन मधे फुटलीय. हे बरं की वाईट?

रानवाट२२

आमच्याकडे काखेत होती तशीच. डोस उतरल्यावर आधी जास्त लाल झाली, खपली, आतून खडे खडे बाहेर पडले, मग सपाट. वेळ लागला, काही महिने. पण गेली, आता तिथे केस जरा पांढरट आलेत एवढंच. पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला, पट्टा तिथेच घासतो.

गुरांचा_डॉक्टर

बरोबर. क्षार बाहेर पडताना शरीर ते परक्या वस्तूसारखं ढकलतं म्हणून लाल होतं, फुटतं. त्यात जंतू शिरू न देणं एवढंच आपलं काम, तो शाम्पू तिथेही लावा. शाम्पू लावला की दहा मिनिटं ठेवायचा, लगेच धुतला तर पैसे गटारात. चाटू देऊ नका. डीएमएसओ नावाचं जेल काही ठिकाणी वापरतात, पण हातमोज्यांशिवाय लावलं तर ते तुमच्याही कातडीतून आत जातं आणि रक्तातलं कॅल्शियम तपासत राहावं लागतं, स्वतःच्या मनाने आणू नका.

केसांबद्दल विचारलं होतंत ते राहिलं. येतात. मुळं मेलेली नसतात. लॅबला डोस बराच खाली आल्यावर आधी पोटावर मऊ लव दिसेल, मग खरे केस. पातळ कातडी सावकाश भरते. डेमोडेक्ससाठी महिन्याने परत खरवडून बघा, नुसतं दिसायला बरं झालं म्हणून थांबू नका, सलग दोन वेळा काच कोरी आली पाहिजे.

दुपारचीझोप

खाजवते का फार? आम्ही मुलाचे जुने टी-शर्ट घालायचो, मागे गाठ मारून. कॉलरपेक्षा बरं, आणि टक्कल पडलेल्या पाठीला उन्हाचाही त्रास होत नाही.

खारीबिस्कीट

घालून बघितला! आयपीएलचा जुना पिवळा. सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि आता लोक लिफ्टमध्ये भेटून विचारताहेत बरी आहे का. स्लाइडचा रिपोर्टही टाकलाय.

निसर्गोपासक

शाम्पू चालतो तर कडुलिंब का नाही, हे मला अजून पटलेलं नाही. पण बुंदीला आराम पडो. रक्ताचा रिपोर्ट आला की कळवा.

मोगरेवाडी

एक शंका. आमच्या लुशीला पण आयएमएचएसाठी हीच औषधं चालू आहेत आणि या महिन्यात वार्षिक लसी आहेत. नगरपालिकेच्या लायसन्सला रेबीजचं सर्टिफिकेट लागतं. द्यायच्या का?

गुरांचा_डॉक्टर

सातातली किंवा नवातली जी एकत्र लस असते त्यात जिवंत पण क्षीण केलेले विषाणू असतात, मोठा डोस चालू असताना ती नको. रेबीजची लस मृत विषाणूची, तिचा धोका तसा नाही, पण दबलेल्या प्रतिकारशक्तीत ती नीट रुजेल याची खात्री नसते, आणि आयएमएचए झालेल्या कुत्रीत कुठलीही लस कधी द्यायची हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पुढे ढकलायची ठरली तर त्यांच्याकडून लेटरहेडवर तसं लिहून घ्या आणि लायसन्सच्या अर्जाला जोडा. तोवर भटक्या कुत्र्यांपासून लांब, आणि चावाचावी झाली तर मात्र तोच दिवस, वाट बघायची नाही.

मोगरेवाडी

धन्यवाद. आयव्हरमेक्टिनची बाटली परत केली, दुकानदाराने पैसे दिले नाहीत, बदल्यात म्हशीचं मिनरल मिक्स्चर दिलं. कुणाला हवंय का?

एकनंबर

मनीला चालेल. परातीत द्या.